किती घ्यायचं, ते सगळ्यात शेवटी

माझ्या ट्रेडच्या, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीच्या, शीटमध्ये सगळं होतं. काय घेतलं, कधी घेतलं, कितीला घेतलं, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव, थोडक्यात 'स्टॉप') कुठे होता, बाहेर कधी पडले, हातात काय आलं. नगांचा रकानाही होता. पण नग तेवढेच का घेतले, याचं उत्तर शीटमध्ये कुठेच सापडत नव्हतं. कधी गोल आकडा बरा वाटला म्हणून १००, कधी खात्यात तेवढेच पैसे मोकळे होते म्हणून ८०, कधी चार्ट भलताच देखणा दिसला म्हणून सरळ ३००. एन्ट्री शोधण्यात तासन् तास जायचे आणि नगांचा आकडा ऑर्डर टाकता टाकता ठरायचा.

बदल सुरू झाला तो एका नव्या रकान्यापासून. एन्ट्री आणि स्टॉप यांतलं अंतर गुणिले नग, भागिले त्या दिवशीचं एकूण भांडवल. म्हणजे स्टॉप लागला असता तर भांडवलाचे किती टक्के गेले असते, ते. जुन्या सगळ्या ट्रेडसाठी हा रकाना भरला आणि आकडे ०.३ टक्क्यापासून ४ टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. पद्धत एकच, नियम तेच, पण काही ट्रेड इतरांच्या दहापट वजनाचे. त्याला लागून आणखी एक रकाना केला: ट्रेडचा निकाल पैशांत न मोजता त्याच ट्रेडच्या मूळ जोखमीच्या पटीत. या मूळ जोखमीला ट्रेडर मंडळी 'आर' म्हणतात. स्टॉप लागला तर उणे १ आर, जोखमीच्या दुप्पट सुटले तर अधिक २ आर. आरची बेरीज चांगली अधिकात होती. पैशांची बेरीज जवळपास जिथल्या तिथे. पद्धत कमावत होती आणि नगांचा आकडा ती कमाई परत देऊन टाकत होता.

सूत्र तसं एका ओळीचं आहे. एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त किती गमवायचं ते आधी ठरवायचं, त्याला एका नगामागच्या जोखमीने भागायचं, आले तेवढे नग. ५,००,००० भांडवल धरू, चलन कुठलंही घ्या. १ टक्का जोखीम म्हणजे ५,०००. शेअर ४१२ ला घ्यायचा, स्टॉप ३९० ला. अंतर २२. ५,००० भागिले २२, म्हणजे २२७ नग. मी हे ज्यांना ज्यांना दाखवलं त्यातले निम्मे लोक इथेच अडखळले. १ टक्का जोखीम म्हणजे १ टक्का पैसे गुंतवायचे, असं त्यांना वाटतं. २२७ नगांना ९३,५२४ लागतात, भांडवलाचे जवळजवळ १९ टक्के. गुंतलेली रक्कम वेगळी, पणाला लागलेली रक्कम वेगळी. आणि हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसल्याशिवाय मी आजही ऑर्डर टाकत नाही.

सूत्रापेक्षा त्यातला क्रम पचवायला वेळ लागला. नग आधी ठरलेले असले की स्टॉप त्यांच्या मागे फरफटत येतो. 'एवढे नग घेतलेत, मग तोटा फार नको, स्टॉप जरा वर घेऊ' असं सुरू होतं. आता स्टॉप आधी ठरतो, तोही चार्ट बघून: कुठल्या भावाला माझा अंदाज चुकला असं मी मान्य करेन? तिथे स्टॉप. मग अंतर. मग भागाकार. नग सगळ्यात शेवटी, आणि त्यात माझं मत चालत नाही.

स्टॉपचं अंतर मी मुख्यतः एटीआरवरून काढते. शेअर दिवसाला सरासरी किती हलतो याचं हे माप, आदल्या दिवशीच्या बंद भावापासूनचा गॅपही, म्हणजे उघडतानाच भावाने मारलेली उडीही, त्यात धरलेली असते. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये ते मांडलं आणि त्यांचीच १४ दिवसांची मुदत अजून बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपोआप भरलेली येते. वरच्या उदाहरणात एटीआर ११ होता, त्याच्या दुप्पट म्हणजे २२. समजा बाजार खवळला आणि त्याच शेअरचा एटीआर २२ झाला. स्टॉप ४४ लांब गेला, नग आले ११३. मी काहीही न ठरवता पोझिशन अर्धी झाली. हे पहिल्यांदा घडताना पाहिलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण एरवी हलता बाजार दिसला की हात शिवशिवतात आणि नेमक्या त्याच वेळी मोठं काहीतरी घ्यावंसं वाटतं. भागाकाराला असलं काही वाटत नाही.

स्टॉप ३९० ला लावला म्हणून विक्री ३९० लाच होते असं नाही. स्लिपेज, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक, आणि खर्च धरून मी अंतरात थोडी भर घालते. २२ च्या जागी २३ धरलं तर नग २१७. दहा नगांचा फरक, पण वर्षभराच्या ट्रेडवर तो जाणवतो. आणि पूर्णांक करताना नेहमी खाली.

खरी रस्सीखेच झाली ती टक्का ठरवताना. १ किंवा २ टक्के असं सगळेच सांगतात, का ते क्वचितच कुणी सांगतं. म्हणून मी माझ्या नोंदींवरून ढोबळ आकडे घेतले: १०० पैकी ४० ट्रेड फायद्याचे, फायदा सरासरी २ आर, तोटा १ आर. म्हणजे दर ट्रेडमागे सरासरी ०.२ आर. याला केलीचं सूत्र लावून पाहिलं. जॉन केली हे बेल लॅब्समधले संशोधक. १९५६ मध्ये त्यांनी गोंगाट असलेल्या लाइनवरून येणाऱ्या माहितीचा अभ्यास करताना ते मांडलं, आणि पुढे एडवर्ड थॉर्प यांनी ते आधी ब्लॅकजॅकमध्ये आणि मग बाजारात वापरलं. जिंकण्याची शक्यता, वजा हरण्याची शक्यता भागिले फायद्या-तोट्याचं गुणोत्तर. ०.४० वजा ०.६० भागिले २. उत्तर ०.१०. म्हणजे दर ट्रेडला भांडवलाच्या १० टक्के जोखीम घेतली तर लांब पल्ल्यात वाढ सगळ्यात वेगाने होईल.

कागदावर छान दिसतं. मी एक्सेलमध्ये २०० ट्रेडची शीट केली, रँडम आकड्यांनी ४० टक्के जिंकणारी, आणि एफ-नाइन दाबत बसले. दर वेळी नवा २०० चा संच. काही संच आकाशाला भिडले. पण जवळपास प्रत्येक संचात कुठेतरी असा खड्डा होता की त्यात मी टिकले नसते. हिशेब सोपा आहे. ६० टक्के ट्रेड तोट्याचे असतील तर २०० ट्रेडमध्ये सलग ८ तोटे एकदा तरी येण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त आहे. १० टक्के जोखमीने सलग ८ तोटे म्हणजे ५७ टक्के भांडवल साफ, आणि तिथून मूळ जागी यायला १३२ टक्के कमवावे लागतात. ५ टक्क्यांनी ३४ टक्के घट, भरून यायला ५१ टक्के लागतात. २ टक्क्यांनी १५ टक्के, भरायला साडेसतरा. १ टक्क्याने घट आठ टक्क्यांच्याही आत राहते, आणि भरून यायला लागतात साधारण तेवढेच. घट वाढत जाते तशी भरपाई कितीतरी वेगाने वाढते. हा तक्ता मी आधीही पाहिला होता. माझ्याच विन रेटच्या, म्हणजे शंभरातले किती ट्रेड जिंकतात त्याच्या, शीटमध्ये तो उमटला तेव्हा मात्र नजर हटेना.

केलीच्या सूत्रात दोन गोष्टी दडल्या आहेत आणि त्या फार कुणी पुढे आणत नाही. एक: त्याच्या दुप्पट जोखीम घेतली, म्हणजे इथे २० टक्के, की वाढ जवळपास शून्यावर येते, आणि त्याहून वर गेलं की जिंकणारी पद्धतही खातं रिकामं करते. म्हणजे एकही नियम न मोडता, एन्ट्री-एक्झिट सगळं बरोबर करून, निव्वळ नगांपायी माणूस बुडू शकतो. उलट बाजूने, निम्मीच जोखीम घेतली तरी वाढीचा तीन चतुर्थांश वाटा हातात राहतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. सूत्रात मी ४० टक्के घातले. ४० च्या जागी ३५ घातले तर? ०.३५ वजा ०.६५ भागिले २, उत्तर ०.०२५. दहा टक्क्यांवरून थेट अडीच टक्के! आणि २०० ट्रेडच्या नोंदींवरून माझा खरा विन रेट ४० आहे की ३५, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. नशिबाचा खेळच तेवढा असतो. इतक्या नाजूक आकड्यावर उभं असलेलं उत्तम उत्तर माझ्या कामाचं नव्हतं.

म्हणून मी प्रश्नच बदलला. वाढ सर्वांत जास्त कधी होईल हे विचारणं सोडलं आणि विचारलं, तोट्याची लांब माळ लागली तर शीटला हात न लावता मी किती घट सोसू शकते? माझं उत्तर होतं, फार तर १५ टक्के. त्यापुढे मी नियम बदलायला लागते, हे मला माहीत आहे. सलग १२ तोटे धरले तर १ टक्क्याने घट होते ११ टक्क्यांच्या थोडी वर. थोडी मोकळीक राहते. ठरलं, १ टक्का. सुरुवातीचे काही महिने त्याच्याही निम्म्यावर काढले, कारण कागदावर सोसलेली घट आणि खात्यात सोसलेली घट यांत अंतर असतं.

शीटशी खेळताना एक गमतीची गोष्ट कळली. ठरलेल्या टक्क्याने घेतलेल्या ट्रेडचा क्रम उलटसुलट केला तरी शेवटचा आकडा तोच येतो. गुणाकार कुठल्याही क्रमाने केला तरी उत्तर बदलत नाही, एवढंच त्यामागचं कारण. मधले खड्डे मात्र खूप बदलतात. माझ्या जुन्या, मनाला येईल तशा नगांच्या शीटमध्ये हे लागू नव्हतं; तिथे कुठल्या ट्रेडच्या वाट्याला मोठा आकडा आला यावर सगळं वर्ष फिरत होतं.

१ टक्का ठरला तरी एक मोठं भोक उरलं होतं, आणि ते सूत्रातच आहे. स्टॉप जितका जवळ, तितके नग जास्त. ४१२ च्या शेअरला ४०८ चा स्टॉप लावा. अंतर ४, नग १,२५०, रक्कम ५,१५,०००. संपूर्ण भांडवलाहून जास्त, आणि सूत्र म्हणतं जोखीम अजून १ टक्काच! रात्रीतून शेअर १० टक्के खाली उघडला तर तो १ टक्का कुठे राहतो? स्विस फ्रँकचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. एका युरोला किमान १.२० फ्रँक मिळतील, ही स्विस नॅशनल बँकेने २०११ पासून राखलेली पातळी १५ जानेवारी २०१५ रोजी अचानक सोडली गेली. युरोचा भाव कोसळला, मधल्या भावांना घेणारं कुणी नव्हतंच, आणि पातळीच्या जरासा खाली लावलेले स्टॉप कितीतरी लांबच्या भावाला पूर्ण झाले. ज्यांची पोझिशन लिव्हरेजवर, म्हणजे उसन्या पैशांवर, मोठी होती त्यांचं खातं उणेमध्ये गेलं. स्टॉप म्हणजे हमी नव्हे.

म्हणून दुसरी मर्यादा आली: एका शेअरमध्ये भांडवलाचे २० टक्के, त्याहून जास्त नाही. सूत्र काहीही म्हणो. मग ४१२ च्या शेअरचे फार तर २४२ नग, आणि १० टक्के गॅप आला तरी नुकसान २ टक्क्यांच्या आसपास. ही मर्यादा मला इतक्या वेळा आडवी आली की शेवटी मी जवळचे स्टॉप लावणंच कमी केलं.

तिसरी मर्यादा टर्टल लोकांकडून घेतली. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी १९८३ मध्ये नवख्या लोकांना ट्रेडिंग शिकवायचा प्रयोग केला, त्यातल्या शिकाऊंना टर्टल म्हणत. त्यांचे नगांचे नियम मला त्यांच्या एन्ट्रीपेक्षा जास्त शिकवून गेले. एका बाजारात फार तर ४ युनिट, एकमेकांना घट्ट बांधलेल्या बाजारांत मिळून ६, सैल बांधलेल्यांत १०, आणि एका दिशेला सगळे मिळून १२. त्यांचं एक युनिट साधारण २ टक्के जोखमीचं असायचं, म्हणजे सगळी भरली तर २४ टक्के. मला हे झेपणार नाही. पण विचार बिनतोड आहे: एकाच क्षेत्रातले पाच शेअर, प्रत्येकी १ टक्का, हे पाच वेगळे ट्रेड दिसतात आणि वाईट दिवशी एकत्र पडतात. मी एका क्षेत्राला २ टक्के आणि सगळ्या उघड्या पोझिशनची जोखीम मिळून ५ टक्के, असं बांधून घेतलं. भाव वर गेला आणि स्टॉप एन्ट्रीवर आणला की त्या ट्रेडची जोखीम हिशेबात शून्य होते आणि नव्याला जागा मिळते. हाच नियम पोझिशन वाढवण्यालाही लागू केला: आधीच्या भागाची जोखीम मिटल्याशिवाय दुसरा भाग नाही. तोट्यातल्या शेअरचं ॲव्हरेज करणं, म्हणजे भाव पडल्यावर आणखी नग घेणं, त्यामुळे आपोआप बंद झालं. वेगळा निर्धार वगैरे करावा लागला नाही.

१ टक्का, पण कशाचा? हा प्रश्न फुटकळ वाटतो, तसा नाही. उघड्या पोझिशनमधला कागदी नफा धरून भांडवल मोजलं तर तेजीत नग फुगत जातात आणि नेमके शिखरावर सर्वांत मोठे होतात. मी पूर्ण झालेल्या ट्रेडची रक्कम धरते आणि त्यातून उघडी जोखीम वजा करते. आठवड्यातून एकदा. रोज मोजायला गेलं की रोज काहीतरी करावंसं वाटतं.

घट १० टक्क्यांवर गेली की जोखीम अर्धी, आणि निम्मी घट भरून येईपर्यंत अर्धीच. टर्टल मंडळी खातं १० टक्क्यांनी घटलं की ते २० टक्क्यांनी लहान आहे असं समजून चालत. माझा नियम त्याहून कडक आहे. यावर आक्षेप घेणारे म्हणतात, खड्ड्यात असताना नग कमी केले तर वर यायला उशीर लागतो. लागतो. पण बाजार खरंच बदललाय की नुसती वाईट माळ चालू आहे, हे त्या क्षणी आतून कळत नाही, आणि अर्ध्या नगांवर थांबून बघणं मला परवडतं.

फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत, हे सगळं इतकं सुटसुटीत बसत नाही. तिथे नग ठरलेल्या गठ्ठ्यानेच, म्हणजे लॉटनेच, घ्यावे लागतात आणि लॉट तोडता येत नाही. एका लॉटची जोखीमच भांडवलाच्या ३ टक्के येत असेल तर १ टक्क्याच्या माणसाचे नग होतात शून्य, आणि शून्य हे उत्तर स्वीकारायला जड जातं. इथे फार लोक स्टॉप ओढून जवळ आणतात, लॉट बसावा म्हणून. मग तो स्टॉप रोजच्या साध्या हालचालीतच लागतो. मी अशा वेळी ट्रेड सोडते किंवा लहान लॉटचं काही मिळतंय का बघते. लहान खात्याला काही बाजार बंदच असतात.

सगळ्यात चिवट ठरली ती 'हा तर एकदम पक्का आहे' ही भावना. तिला मी झटकलं नाही, मोजलं. प्रत्येक ट्रेडच्या आधी शीटमध्ये विश्वासाचा एक आकडा लिहायचा, १ ते ५, आणि नग मात्र सूत्राचेच. बऱ्याच नोंदी झाल्यावर रकाना लावून पाहिला. पाच लिहिलेले ट्रेड दोन लिहिलेल्यांपेक्षा आरमध्ये काडीचे सरस नव्हते. तेव्हापासून आकडा लिहायचा मोह आहे, नग वाढवायचा नाही.

आता अडचण वेगळीच येते. एकाच दिवशी सहा सिग्नल येतात आणि ५ टक्क्यांच्या मर्यादेत जागा असते दोनाला. मी शीटमध्ये वरून खाली जाते आणि ज्याचा एटीआर भावाच्या तुलनेत कमी ते आधी घेते. राहिलेल्यांना 'सोडला' असा शेरा मारून त्यांचा निकालही आरमध्ये भरते. त्यातले काही सुसाट वर जातात, तेव्हा जळफळाट होतोच. पण सोडलेल्यांची सरासरी घेतलेल्यांच्या सरासरीच्या आसपासच घोटाळते आहे. म्हणून मर्यादा अजून ५ टक्क्यांवरच आहे, आणि पुढच्या आठवड्याच्या हिशेबात भांडवल थोडं वाढल्यामुळे एका ट्रेडची जोखीम ५,००० वरून ५,०६० झाली आहे.